एकतीस नंबरचा साक्षीदार

वेळापत्रक आणि मी यांच्यात कधी घोळ झालाच, तर चूक वेळापत्रकाची असते. हे मी बायकोला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. तिने तेव्हा मान डोलावली. नवीन होती बिचारी!

मी लिफ्टच्या कंपनीत नोकरीला आहे. दिवसभर लोकांना वर-खाली नेणाऱ्या यंत्रांच्या तक्रारी ऐकतो, पण माझा जीव मात्र आडव्या प्रवासात. आमच्या घरामागून नोकरदारांची ने-आण करणारी जी गाडी जाते, तिच्यावर माझं प्रेम आहे. असं प्रेम असणारे आम्ही आठजण आहोत आणि आमचं रीतसर ‘रूळमित्र मंडळ’ आहे. दर रविवारी स्टेशनच्या कॅन्टीनमध्ये आम्ही जमतो आणि कोण कुठल्या डब्यात बसून आलं ते एकमेकांना सांगतो. आमच्या लाइनवरच्या प्रत्येक डब्याला नंबर आहे. प्रत्येक सभासदाने आयुष्यात एकदा तरी प्रत्येक डब्यात बसायचं, हे आमचं ध्येय. हसू नका. लोक नाणी जमवतात, आम्ही डबे जमवतो. फक्त घरी आणत नाही, एवढाच फरक.

माझे सगळे डबे झाले होते. एक सोडून. एकतीस नंबर!

या एकतीसने माझा जो छळ मांडला होता, तो सख्ख्या भावकीनेही मांडला नसता. मी या प्लॅटफॉर्मवर असलो की तो समोरच्या. मी रजा काढली की तो दुरुस्तीला. एकदा तर मी त्यात चढलो, खिडकी पकडली, डोळे मिटून देवाचे आभार मानले, आणि गाडी जागेवरच रद्द झाली. आणि आमच्या मंडळात गेल्या वर्षी आलेली फूलवाली बाई! तिला पहिल्याच आठवड्यात एकतीस मिळाला. तोही चुकून. बसायला जागा दिसली म्हणून बसली, म्हणे.

मला काही ते सहन झालं नाही. मी भर सभेत नियम मांडला की यापुढे कोणाच्याही तोंडी शब्दावर डबा झालेला धरायचा नाही. त्याच डब्यातून प्रवास केलेल्या दुसऱ्या माणसाने मंडळासमोर साक्ष दिली पाहिजे आणि त्या साक्षीदाराने डब्याचा नंबर स्वतः वाचलेला असला पाहिजे. फोटो चालणार नाही, हल्ली फोटोत काय वाटेल ते करता येतं. आमचे अध्यक्ष दातांचे निवृत्त डॉक्टर आहेत. पोट पुढे असल्यामुळे आणि कुठेही आधी तेच टेकत असल्यामुळे आम्ही त्यांना गाडीच्या टोकाला धक्के झेलणाऱ्या भागावरून बफर म्हणतो. बफरनी नियम मंजूर केला. फूलवालीने पुढच्याच रविवारी साक्षीदार म्हणून तेव्हा डब्यात तिच्या शेजारी बसलेल्या मुख्याध्यापिकेला आणून उभं केलं आणि माझ्याकडे बघून गोड हसली.

तर अशा परिस्थितीत बातमी आली की एकतीस नंबर मोडीत निघणार. शेवटची फेरी गुरुवारी दुपारी. त्यानंतर तो यार्डात जाणार आणि पुन्हा येणार नाही. अख्खं मंडळ त्या फेरीला जाणार होतं. साक्षीदार एक सोडून सात!

आणि त्याच गुरुवारी सासऱ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं.

ही वेळ बायकोने महत्प्रयासाने मिळवली होती. तिला स्वतःला ऑफिसातून सुट्टी मिळेना. मी क्षणभर हवालदिल झालो, मग वेळापत्रक उघडलं आणि मला स्वतःचाच अभिमान वाटला. दवाखाना स्टेशनला लागून. तपासणी सकाळी. दुपारी तीच गाडी त्या स्टेशनवर येणार, फास्ट गाडीला पुढे सोडण्यासाठी थांबणार, आणि पुढचं स्टेशन शेवटचं. म्हणजे सासऱ्यांचे डोळेही होतील आणि माझा एकतीसही होईल. बायकोला मी फक्त डोळ्यांबद्दल सांगितलं.

“बाबांना न्यायचंय,” ती म्हणाली. “डब्याला नाही.”

हिला कसं कळतं कोण जाणे.

आमचे सासरे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदार त्यांना बघून तराजू पुसायचे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी भाजी घेताना यांची नजर काट्यावर. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही ते झालंच नाही, असा त्यांचा बाणा. माझ्या छंदाबद्दल त्यांचं मत एका वाक्यात होतं. गाडी कुठेतरी पोहोचण्यासाठी असते, जावईबापू, तुम्ही गाडीतच पोहोचता.

दवाखान्यात सगळं उशिरा सुरू झालं. नर्सने सासऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घातले आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा थेंब. मग पुन्हा. मी घड्याळाकडे बघत होतो. शेवटी डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं, दिवा मारून बराच वेळ पाहिलं आणि मला समोर बसवून काहीतरी समजावून सांगितलं. मी प्रत्येक वाक्याला “हो, हो” म्हणत होतो. त्यांनी मध्येच काहीतरी विचारलं. मी म्हणालो, “एकतीस.” त्या म्हणाल्या, मी वय विचारलं तुमच्या सासऱ्यांचं.

बाहेर पडलो तर सासऱ्यांच्या डोळ्यांवर दवाखान्याने दिलेला काळा चष्मा आणि हात माझ्या दंडावर. संध्याकाळपर्यंत धुरकट दिसेल, असं नर्सने सांगितलं होतं. मला गाडीचा भोंगा ऐकू आला. मी जवळजवळ पळत सुटलो आणि माझ्या दंडाला धरून एक निवृत्त निरीक्षक पळत सुटले. मी “पायरी!” ओरडायचो, ते पाय उचलायचे. जिथे पायरी नव्हती तिथेही मी घाईत दोनदा ओरडलो. ते मोठ्या सन्मानाने हवेत पाय उचलून पुढे आले.

गाडी उभी होती. चौथा डबा. दारावर पांढऱ्या रंगात, जरा पुसट झालेला, पण स्वच्छ वाचता येणारा आकडा. एकतीस!

मी सासऱ्यांना चढवलं, स्वतः चढलो आणि हात पसरून “आलो रे!” म्हणालो. आत कोणी नव्हतं.

बाकांवर आमच्या मंडळाच्या बॅगा होत्या. तीन पायांचं कॅमेऱ्याचं स्टँड होतं. बफरचा जेवणाचा डबा उघडा होता आणि त्यात अर्धं सँडविच होतं. माणसं नव्हती. दुसरे प्रवासीही नव्हते, आणि त्याचं कारण मला लगेच समजलं. आमची मंडळी सुरुवातीच्या स्टेशनपासून मोटारीच्या आवाजावर चर्चा करत आली असणार. त्या चर्चेपुढे साधा माणूस दोन स्टेशनंसुद्धा टिकत नाही, तो उठून शेजारच्या डब्यात जातो.

मी पलीकडच्या खिडकीतून पाहिलं आणि उलगडा झाला. समोरच्या रुळावर विजेच्या तारा तपासणारी पिवळी गाडी उभी होती. ती वर्षातून एखाद्या वेळी दिसते. आमचं अख्खं मंडळ पूल ओलांडून त्या प्लॅटफॉर्मवर गेलं होतं आणि वाकून तिच्या चाकांचे फोटो काढत होतं. माझ्याकडे सात पाठी वळलेल्या होत्या. खोटं कशाला बोलू, सासऱ्यांचा हात दंडावर नसता तर आठवी पाठ माझी असती!

मी ओरडणार तोच दारं बंद झाली. खाली मोटार घुरघुरली आणि गाडी निघाली.

एकतीस नंबर चालत होता आणि मी त्यात होतो. इतक्या वर्षांनी! मला खरोखर भरून आलं. दाराच्या वर आतल्या बाजूलाही नंबर लिहिलेला होता. मी त्याच्याखाली जाऊन उभा राहिलो आणि कपाळाला हात लावून सलाम केला. मग नियम आठवला. साक्षीदार! साक्षीदार समोरच बसला होता. सचोटीचा, सरकारी, जन्मात खोटं न बोललेला.

“बाबा,” मी म्हणालो, “तो दारावरचा नंबर जरा वाचता?”

सासऱ्यांनी काळा चष्मा काढला, डोळे बारीक केले, मोठे केले, पुन्हा चष्मा लावला. “दार कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

मी त्यांना दाराजवळ नेलं. मान वर करून धरली. पापण्या वर धरू का, असंही विचारलं. त्यांनी माझा हात बाजूला केला. मग मी आकड्यावरून बोट फिरवून दाखवलं की हा बघा तीन, हा बघा एक. ते म्हणाले, तुमचं बोट दिसतंय, जावईबापू. तेही नीट नाही.

एवढ्यात शेवटचं स्टेशन आलं. सफाई कामगारांनी आम्हाला खाली उतरवलं. सात बॅगा आणि ते स्टँड मागे कसं ठेवणार? मी सगळं अंगावर लटकवून उतरलो. दंडाला सासरे होतेच. रेल्वे पोलिसातल्या बाई समोरून आल्या आणि त्यांनी साहजिकच विचारलं की एवढ्या बॅगा कोणाच्या. मी म्हणालो, मित्रांच्या. मित्र कुठे आहेत? मागच्या स्टेशनवर, पिवळी गाडी बघतायत. बाईंनी सगळ्यात जड बॅग उघडायला लावली. ती बफरची होती. तिच्यात रेल्वेच्या दाराची जुनी पितळी मूठ, एक दिवा आणि खिडकीची कडी होती.

या वस्तू बफर भंगाराच्या लिलावात विकत घेतात, हे मला माहीत होतं, पण ते सांगताना माझा आवाज चोरासारखाच निघाला. बाईंनी सासऱ्यांकडे वळून विचारलं, आजोबा, तुम्ही यांना ओळखता?

सासऱ्यांनी विचार केला. “आवाजावरून जावई वाटतात,” ते म्हणाले.

आम्हाला बाकावर बसवून ठेवण्यात आलं. माझ्या डोळ्यांदेखत एकतीस नंबर रिकामा होऊन यार्डाकडे निघाला आणि वळणावर दिसेनासा झाला. सासऱ्यांनी विचारलं, काय गेलं? मी म्हणालो, काही नाही.

पुढच्या गाडीने मंडळ आलं, पिवळ्या गाडीच्या आनंदात न्हालेलं. बफरनी पोलीसबाईंना लिलावाची पावती दाखवली, ओघात त्यांची अक्कलदाढही तपासली आणि आमची सुटका झाली. मग मी उभा राहिलो आणि जाहीर केलं की माझा एकतीस झाला! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फूलवालीने वाजवल्या नाहीत.

“साक्षीदार?” ती म्हणाली.

मी सासऱ्यांकडे बोट दाखवलं. बफर त्यांच्यासमोर बसले आणि कोर्टात विचारावं तसं विचारू लागले. जावई एकतीस नंबरच्या डब्यात होते का? सासरे ताठ बसले. नोकरीत साक्ष द्यायला जात असतील तेव्हा असेच बसत असतील.

“माझ्या डोळ्यांत थेंब होते,” ते म्हणाले. “मला धुकं दिसत होतं. धुक्यात एक माणूस कपाळाला हात लावून उभा होता. आवाज जावयांचा होता. नंबर मी वाचलेला नाही.”

“बाबा, मी बोट फिरवून दाखवला ना!” माझा आवाज चिरकला. मला रडू यायचं बाकी होतं.

“तुम्ही दाखवलात. मी पाहिला नाही. मापाच्या बाबतीत मी दुकानदाराच्या शब्दावर कधी गेलो नाही, घरच्या माणसाच्या कसा जाऊ?”

बफरनी पोटावर हात ठेवला आणि खेदाने सांगितलं की साक्षीदाराने नंबर स्वतः वाचलेला नाही, सबब डबा धरता येत नाही. नियम मीच केलेला होता, त्यामुळे मला शिव्या तरी कोणाला द्यायच्या ते कळेना.

“एक मिनिट,” फूलवाली म्हणाली. “लिफ्टवाले, तुम्ही नंबर वाचलात?”

“म्हणजे काय! आतून वाचला, बाहेरून वाचला!”

“आणि काका डब्यात होते?”

“होते की. माझ्या समोर होते. शेवटच्या स्टेशनपर्यंत!”

“मग झालं,” ती बफरकडे वळून म्हणाली. “साक्षीदाराने नंबर वाचलाय. काकांचा एकतीस धरायला हरकत नाही.”

आणि धरला! हात वर करून, एकमताने. माझाही हात वर गेला, कारण मी खोटं कसं बोलणार? सासऱ्यांना तिथल्या तिथे सभासद करून घेतलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की हा डबा दुर्मीळ समजायचा का. बफर म्हणाले, काका, आता तो कोणालाच मिळणार नाही. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर मी इतक्या वर्षांत न पाहिलेलं हसू आलं.

घरी बायकोने दारातच विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? मला फक्त ‘एकतीस’ आठवत होतं. सासऱ्यांनी मात्र सगळं शब्दशः सांगितलं: मोतीबिंदू अजून कच्चा आहे, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. मग चहाचा कप हातात घेऊन ते लेकीला म्हणाले, “आणि माझा एकतीस झाला. यांचा राहिला.”

याला आता बरेच महिने झाले. सासऱ्यांना बाकीचे डबेही पुरे करायचे आहेत. दर शनिवारी, रविवारी ते मला सकाळीच उठवतात, टोपी घालतात आणि स्टेशनवर नेतात. एकतीस सोडून माझे सगळे डबे कधीच झालेत, पण मला जावंच लागतं. त्यांना साक्षीदार लागतो ना!