नऊ नंबरचा गुडघा

बसची किल्ली फिरवण्याआधी दाऊदचाचा होडेकर उजवा गुडघा दोनदा चोळत. त्यांचा गुडघा ठणठणीत होता. चोळायचे ते दुसऱ्याच्या गुडघ्यासाठी. हा दुसरा म्हणजे उरुग्वेचा एक जुना फुटबॉलपटू, आणि त्याला चाचांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं.

सौदीत जुबैलला आमच्या कंपनीची बस चाचा चालवत. कॅम्प ते प्लांट पंचवीस मिनिटं. "यल्ला, मैदानात!" म्हणून बस सुटली की 'आमच्या नऊ नंबर'ची कारकीर्द सुरू व्हायची. नाव कधीच नाही. मोठ्या माणसाचं नाव घेऊ नये, असं ते म्हणत. चाचांचे अब्बा रत्नागिरीचे, बोटीवर खलाशी. त्यांनी उरुग्वेकडच्या बंदरांत उतरून नऊ नंबरच्या मॅचेस पाहिल्या होत्या.

नऊ नंबर खाटकाचा मुलगा. चिंध्यांच्या चेंडूवर शिकलेला. अंगाने थोराड, पळायला मंद, पण गोलपाशी पोचला की गोलकीपरला घाम फुटायचा. मॅचच्या सकाळी आई त्याला पेज आणि भाजलेला बोंबील द्यायची.

"चाचा, उरुग्वेत बोंबील?"

"बंदर आहे ना? मग बोंबील नसायला काय झालं!"

मी सांगलीचा, प्लांटच्या लॅबमध्ये. चार वर्षं ही कारकीर्द ऐकली. प्रत्येक वेळी शेवटी तीच मोठी मॅच यायची. बरोबरी, नऊ नंबर उंच उडतो, खाली येतो आणि गुडघा जातो. त्याला झोळीत घालून बाहेर नेतात, तोवर प्लांटचं गेट आलेलं असायचं.

"पुढे काय झालं?"

"खलास, उतरा. बाकीचं पुढच्या रजेला."

आम्हाला वाटायचं, म्हातारा मुद्दाम ताणतोय.

मग आखातात युद्ध पेटलं. विषारी वायूच्या भीतीने कंपनीने सगळ्यांना मास्क वाटले. बरेच जण घरी गेले, ड्रायव्हर तर चाचा एकटेच उरले. त्याच आठवड्यात पंप दुरुस्त करायला एक परदेशी इंजिनियर आला. साठीचा आणि चक्क उरुग्वेचा! मी धावत चाचांकडे गेलो. वाटलं, आता मिठाई मिळणार.

"त्याला सगळं ठाऊक असणार, चाचा!"

चाचांचा चेहरा पडला. "त्याला माझ्या बसमध्ये बसवू नको."

पण बस एकच होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला साहेब माझ्या शेजारी बसला आणि अर्ध्या वाटेत सायरन झाला. चाचांनी बस कडेला घेतली. आम्ही मास्क चढवले. चाचा उठून आमच्याकडे वळले आणि मास्कच्या आतूनच नऊ नंबरचा मोठ्या मॅचमधला दुसरा गोल सांगू लागले. एक शब्द कळेना, पण हातवारे आम्हाला पाठ होते. हळूहळू सगळ्यांचा श्वास ताळ्यावर आला.

धोका टळल्याचा भोंगा झाला, मास्क उतरले. साहेबाने विचारलं, हे काय चाललं होतं? मी नऊ नंबर म्हटलं, गुडघा म्हटलं, तसा तो ताडकन उठला. "अहो, तो गुडघा ना..."

चाचांनी मास्क परत चढवला आणि तसेच थेट गेटपर्यंत बस हाकली. मास्कवाला ड्रायव्हर पाहून गेटवरच्या शिपायांनीही घाईघाईने मास्क घातले. तिकडचा गोंधळ निस्तरायला अर्धा तास गेला.

संध्याकाळी मी चिडूनच त्यांच्या खोलीवर गेलो. चाचांनी माझ्यापुढे कोऱ्या चहाचा पेला ठेवला.

"अब्बा रजेवर आले की एकेक मॅच सांगायचे," ते म्हणाले. "शेवटच्या रजेत गुडघ्यापर्यंत आले. मी रडायला लागलो, तर म्हणाले, बाकीचं पुढच्या रजेला. ती रजा आलीच नाही. तिकडेच कुठल्यातरी बंदरात त्यांना दफन केलं." चाचांनी गुडघा चोळला. "तुझ्या साहेबाने सगळं सांगून टाकलं, तर अब्बांकडे माझ्यासाठी उरलं काय?"

मला माझीच लाज वाटली. कारण साहेबाकडून मी दुपारीच गुडघ्याचं सगळं ऐकून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी बस सुटली तरी चाचा गप्प. आरशातून माझ्याकडे भीत भीत बघत होते.

"चाचा," मी म्हटलं, "पेजेपासून सुरू करा."

चाचांचा चेहरा खुलला. "यल्ला! तर त्याची आई काय करायची..."

साहेबाला मी सगळं समजावून ठेवलं होतं. बोंबील आला, तसा मी त्याला हळूच कोपराने ढोसलं. त्याने गंभीरपणे मान डोलावली.

गुडघ्याचं पुढे काय झालं, ते मला ठाऊक आहे. पण ते सांगायचा हक्क एकाच माणसाचा, आणि तो अजून रजेवर यायचाय.