दोन स्वल्पविरामांची मोहीम व तुंगाबाईंचा खांदा

श्रीविठ्ठलचरणी मस्तक ठेवून, आणि समस्त शिंपी समाज, मुक्काम मैसूर, यांचा राग आधीच पोटात घेऊन, जे घडले ते लिहिले असे. टोपीकर जहाजात बैसून गेले, संस्थानचा अंमल जाऊन लोकांचा अंमल बैसला, परंतु टोपीकरांचा एक प्यादा, अंगाने तिळाएवढा, मागे शेपूट, नाव स्वल्पविराम, तो मात्र मुलखातच राहिला, आणि त्याने विठ्ठलमंदिराच्या गल्लीत जो हलकल्लोळ माजविला तो तोफखान्यालाही साधला नसता.

समाजाची रीत ऐशी, की नामसप्ताहाचे सांगतेस देवाची पालखी निघे, तीस देवळाच्या उंबऱ्यापासून गल्लीच्या तोंडापावेतो लेकींनी खांदा द्यावा, मग पुरुषांनी. आणि लेकींत जी वयाने थोर, तीस पुढल्या दांड्याचा मान. हा ठराव कापडी फलकावर शिवून मंडपाच्या दारी लाविला असे, तो येणेप्रमाणे: "समाजाच्या लेकी, ज्या मैसुरात नांदतात, पालखीस प्रथम खांदा देतील." ठराव जाहला त्या काळी लेक द्यायची ती मामाच्या घरी, नाही तर पुढल्या आळीत. सगळ्याच मैसुरात नांदत, म्हणून तो मधला मजकूर नुसता शोभेचा, आणि त्याच्या दोहों बाजूंस स्वल्पविरामाची एकेक चौकी. चौक्या आहेत तोवर मजकूर असला काय, नसला काय, मान सगळ्या लेकींचा. चौक्या उठविल्या की तोच मजकूर फर्मान होऊन बसे: ज्या मैसुरात नांदतात त्यांनीच यावे, बाकीच्यांनी लांबून हात जोडावे.

आता अंबुबाईसाहेब, काजेबटणांच्या कामी गल्लीत अजिंक्य, भजनात पट्टीच्या, यांची एकुलती एक लेक तुंगाबाई पिरियापट्टणास दिली होती, तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे. यंदा लेकींत तीच वडील ठरली, आणि तिचा निरोप आला, "अम्मा, सासूबाई बी येतात म्हणतात, माझा मान बघायला." अंबुबाई प्रथम हरखल्या, आणि मग धास्तावल्या. कारण त्याच सुमारास जुना फलक उंदरांनी फस्त केला होता, आणि नवा लिहिण्याचे काम समाजाध्यक्ष, अखंडितटेपधारी, श्रीमंत सयाजीराव यांनी जातीने आपल्याकडे घेतले होते. सयाजीरावांची कन्या भानुमती पुढल्याच आळीत नांदे, आणि तुंगेखालोखाल वयाने तीच. श्रीमंतांनी कापड पसरून पांढऱ्या खडूने ठराव लिहिला, आणि दोन्ही चौक्या गुपचूप उठविल्या.

सासूच्या देखत लेकीस मंडपाच्या दारातून परत फिरवतील, तर ती पुन्हा माहेरी पाऊल घालणार नाही, हे अंबुबाई पुरते जाणून होत्या. त्यांनी पदर खोचला आणि दरबारी जाऊन अर्ज गुदरला. श्रीमंतांचा जबाब आला, की "आगल्ला अंबक्का, व्हायचं नाही, ठिपक्यांनी कापड घाण दिसतं. सुम्ने, उगाच तकरार कशाला?" अंबुबाई म्हणाल्या, "ठिपक्यांनी काय होत नाही, तर असू देत की, रायरे." यावर, चोर तो चोर आणि वर शिरजोर, श्रीमंतांनी कापडास हात लावण्याची सर्वांस मनाई फर्माविली.

मग युद्ध पेटले. अंबुबाई सकाळी देवदर्शनाचे मिषाने येत आणि दोन्ही चौक्या बसवीत, आणि श्रीमंत दुपारी पान खाऊन येत आणि हातरुमालाने चौक्या मारीत, आणि अंबुबाई संध्याकाळी भजनास येत आणि पुन्हा बसवीत. खडूचा धुरळा गाभाऱ्यापर्यंत गेला, पुजारी शिंका देऊन बेजार, देवाने मात्र कमरेवरचे हात काढले नाहीत. शेवटी श्रीमंत बेळगोळच्या कारखान्याचे गणवेशांची मापे घेण्याचे स्वारीस गेले, ते पाहून अंबुबाईंनी शिंप्याचा निळा खडू घेतला आणि दोन्ही जागी वांग्याएवढाले स्वल्पविराम काढिले, की पुसू म्हटले तरी डाग राहावा. मग निर्धास्त होऊन घरी गेल्या.

त्यांची पाठ वळते तोच गुंडू मास्तर कापड न्यावयास आले. गुंडू मास्तर कात्रीचे धनी, बोलणे घरचे मराठी, परंतु लिहिणे-वाचणे सगळे कन्नड; ही बाळबोध अक्षरे त्यांस वेलबुट्टीसारखी. गल्लीतल्या दुकानांचा कायदा ऐसा, की कापडावर निळ्या खडूच्या दोन वाकड्या खुणा, म्हणजे आकडे, दिसल्या तर मधले कापड जादा समजावे, कापून काढावे आणि सांधावे. मास्तरांनी आकडे पाहिले, आणि कायद्याबरहुकूम आकड्यांसकट कात्री चालविली, दोन्ही तोंडे जुळविली, आणि उरल्या वेलबुट्टीवर लाल कापडाची अक्षरे शिवून फलक तयार केला.

सांगतेचे दिवशी तुंगाबाई सासूबाईंसह बसमधून उतरल्या, जरीचे लुगडे नेसून, आणि फलक दारी चढला. अंबुबाईंनी मान वर केली आणि आपले दोन्ही शिपाई शोधिले. एकही दिसेना! लेकीचा हात त्यांनी घट्ट धरिला, आता इथूनच हिला घरी न्यावे असे मनात आले. तिकडे श्रीमंतांनीही पाहिले, की चौक्या नाहीत, आणि त्यांचे मुखकमल फुलले, आणि सर्वांदेखत त्यांनी जाहीर केले, की आज या फलकावर जे अक्षर असेल तेच समाजाचे फर्मान, त्यात काडीचा फेर होणे नाही. मग मोठ्या डौलाने भानुमतीस वाचावयास उभे केले. ती अडखळत वाचू लागली.

"समाजाच्या लेकी... पालखीस प्रथम खांदा देतील. आयतु, अप्पा. एवढंच आहे."

मधला मजकूर मुळातून गेला होता आणि वाक्याचा केसही वाकडा जाहला नव्हता. श्रीमंतांचा चेहरा उतरला. मास्तरांस तत्काळ हजर करविले, तो ते हसतमुखाने बोलले, "दोन खुणांच्या मधलं काढलं, रायरे. सांधा दिसतोय का बघा!" सांधा खरोखरच दिसत नव्हता. श्रीमंतांनी तुकडा पुन्हा जोडण्याची आज्ञा केली, तेव्हा कळले, की चांगले कापड वाया कशाला घालवावे म्हणून मास्तरांनी त्याची घडी घालून पालखीच्या पुढल्या दांड्याची उशी शिविली होती. आणि स्वमुखे दिलेले फर्मान परत घ्यावे, तर सगळी गल्ली कान टवकारून उभी.

येणेप्रमाणे शिंपी गल्लीची मोहीम फत्ते जाहली. तुंगाबाईंनी पुढला दांडा घेतला, तिच्या खांद्यावर "ज्या मैसुरात नांदतात" हे शब्द दांड्याखाली चेपून बसले, दुसऱ्या दांड्यास भानुमती लागली आणि "अक्का, हळू" म्हणून हसली. अंबुबाई सर्वांदेखत रडल्या, आणि त्याची त्यांस लाज वाटली नाही. पिरियापट्टणकर विहीणबाईंनी गल्लीच्या तोंडापावेतो सुनेवरची नजर हलविली नाही, आणि पालखी पुरुषांच्या खांद्यावर गेली तेव्हा अंबुबाईंजवळ येऊन विचारिले, की पुढल्या साली सप्ताह कधी बसतो, म्हणजे आधीपासून सुट्टी काढायला बरे.