मालक नंबर १००३

निवृत्त माणसाच्या हाती घरातला कॉम्प्युटर लागला की तो त्याचं ऑफिस करून टाकतो. आपल्या हेडक्लार्कसाहेबांनीही तेच केलं. सकाळी ते लेकीच्या जुन्या मशीनसमोर बसले आणि तिचं खातं काढून टाकलं. माणूस बदली होऊन गेला की त्याचं खातं बंद, हा त्यांचा नोकरीभरचा शिरस्ता. खरं कारण वेगळं होतं. लेक नोकरीसाठी दूर गेली ती यांच्या मनाविरुद्ध. तेव्हापासून यांनी तिच्याशी फोनवर बोलणं टाकलं होतं, आणि मशीन सुरू केलं की नेमकं तिचंच नाव समोर यायचं, ते यांना बघवायचं नाही.

दुपारी बायकोनं हाक मारली. ती मुलांच्या पुस्तकासाठी चित्रं काढत होती. आयुष्यातलं पहिलं काम, आणि संध्याकाळपर्यंत सगळी चित्रं प्रकाशकाकडे पोचायला हवी होती. चित्रं होती लेकीच्या मशीनवर. घरात कॉम्प्युटर तीन आणि तिघांच्या तीन तऱ्हा: यांचा विंडोज, तिचा मॅक, लेकीचा लिनक्स. जाण्याआधी लेकीनं तिघांना एकमेकांशी बोलतं केलं होतं आणि आईला आपलंच खातं वापरायला दिलं होतं. साहेबांना हे कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"मला आत घेत नाही हो," ती म्हणाली.

साहेबांनी लेकीच्या मशीनवर बायकोच्या नावाचं नवं खातं उघडलं. मॅक आपला जुनाच पासवर्ड पुढे करत राहिला. तो पुसला, तर बाई आत गेल्या, पण पाहुण्या म्हणून. ते निस्तरलं तेव्हा चित्रांची नावं दिसू लागली, उघडेना मात्र एकही. या चित्रांचा मालक कोण म्हणून पाहिलं, तर लेकीच्या नावाच्या जागी नुसता आकडा होता, १००३. साहेबांना सकाळचा पराक्रम आता सांगावाच लागला.

बायको चिडली नाही, हे जास्त वाईट झालं.

"लोकांच्या मुली घराचं नाव काढतात," ती म्हणाली. "आपल्याकडे बापानंच मुलीचं नाव काढलं."

तिनं लेकीला फोन लावला आणि यांच्या हातात दिला. काय बोलावं ते न सुचून साहेबांनी थेट १००३ पासूनच सुरुवात केली. लेक हसली. मशीनला नावाशी देणंघेणं नसतं, ते आकडा ओळखतं, तिनं समजावलं. त्याच आकड्याचं खातं पुन्हा उघडा, नाव वाटेल ते द्या.

साहेबांनी जपून एकेक अक्षर दाबलं. कागदोपत्री असलेलं नाव नव्हे, लहानपणी तिला मारायचे ती हाक: चिमणी. चित्रं उघडली. बायको लगेच ती पाठवायच्या मागे लागली.

फोन मात्र कोणीच ठेवेना.

"तुझं खातं काढायला नको होतं," साहेब म्हणाले.

"असू दे बाबा. इथल्या मशीनवर मी पहिल्याच दिवशी तुमचं खातं उघडलंय."

साहेबांनी चष्मा पुसला. मग हळूच म्हणाले, "पासवर्ड काय?"

"तो फोनवर सांगत नसतात. या, मग सांगते."