तनुजाचा चिनी पंचमसाला

शाळेच्या आनंदनगरीत यंदा पहिला नंबर आपलाच, असं तनुजानं स्टॉल लागायच्या आधीच अख्ख्या नववी 'ब'ला सांगून टाकलं होतं. बाकीच्या पोरी भेळ विकणार. शेजारची श्रेया तर चक्क ठेचा-भाकरी! तनुजाचे नूडल्स मात्र घरच्या चिनी पंचमसाल्यातले. गुलमंडीवरून आणलेलं चक्रीफूल, दालचिनी, लवंग, मिरे आणि बडीशेप. भाजताना असा घमघमाट सुटला, की खालच्या मजल्यावरचं मांजर जिना चढून दारात येऊन बसलं.

पण मिक्सरचं भांडं पहिल्याच फेरीत तडकलं.

"आता माझ्या पाट्या-वरवंट्याला हात लावून बघ," आई म्हणाली.

राहिली मोतीरामकाकांची गिरणी. पण ज्वारीच्या गिरणीत मसाला म्हटलं, की काका अंगावर धावून येत. तनुजानं डोकं चालवलं. डब्यात खाली मसाला अन् वरून भरपूर ज्वारी!

"एवढंसंच दळण?" काकांनी नाकावरच्या रुमालाआडून विचारलं.

"आईचं डाएट चालूय, काका."

डबा गिरणीत रिकामा झाला. खाली आलं ते जुन्या भिंतीच्या पोपड्यासारखं भुरकट पीठ. त्यात ज्वारीच फार. निम्मा मसाला तर आतच चिकटून बसलेला.

"झालं का गं? माझी ज्वारी टाकायचीय," मागून श्रेया म्हणाली.

"टाक की," तनुजा म्हणाली आणि पसार झाली.

दुसऱ्या दिवशी तिनं नूडल्सच्या पातेल्यात तो मसाला ओतला. थोड्याच वेळात पळी आत उभी राहिली. गिऱ्हाईक एक नाय. श्रेयाच्या स्टॉलवर मात्र ही रांग!

नंबर काढायला आलेल्या मॅडमनी भाकरीचा तुकडा तोंडात टाकला आणि डोळेच मिटले. "श्रेया, हा वास कशाचा गं?"

"पिशोरच्या ज्वारीचा, मॅडम. आजोबा म्हणतात, तिथली मातीच लई भारी."

'माती नाय, माझं चक्रीफूल!' तनुजाच्या अगदी ओठांवर आलं. पण शेजारीच मोतीरामकाका तिसरी भाकरी हाणत उभे होते.

पहिला नंबर श्रेयाला गेला.

शेवटी मॅडम तनुजाच्या पातेल्यापाशी आल्या. चमचाभर चाखलं आणि तिच्या पाठीवर थाप दिली.

"पिठलं झकास जमलंय हं. फक्त त्यात शेवया कशाला टाकल्यास?"