इवाई डावीकडे, ढोरं उजवीकडे

यात सांगण्यासारखं काही नाही. जानरावाला विचाराल तर तो आधी हेच म्हणेल आणि मग तुम्हाला दुसरे उद्योग नाहीत का, असं विचारील. पण रिसोडच्या बाजारात गेलं की हमालसुद्धा पाठीवरचं पोतं खाली ठेवून "काका, थे बैलाचं काय झालं?" म्हणून विचारतो. लोकांनी तिखटमीठ लावून फिरवलेली गोष्ट ऐकून घेण्यापेक्षा खरी काय ती एकदाची सांगून टाकलेली बरी. हौस म्हणून नाही, नाइलाज म्हणून.

सुरुवात सुनेपासून झाली. (या घरात कशाचीच सुरुवात जानरावापासून होत नाही, शेवट मात्र त्याच्याच डोक्यावर येतो.) सून म्हणजे सपना, विनोदची बायको, मेडशीच्या जगदेवची लेक. इंटरनेटवर एक 'वऱ्हाडी बोली कट्टा' आहे. गाव सोडून शहरात राहायला गेलेले लोक तिथं जमतात आणि गावाकडचे शब्द आठवून आठवून गहिवरतात. कट्टा चालवणाऱ्या अमरावतीच्या निकितानं सपनाला सांगितलं, की घरात जुनं माणूस असेल तर त्याचे शब्द टाक. जुनं माणूस ओसरीवर तंबाखू मळत बसलेलंच होतं.

"मामाजी, तुमचे शब्द पायजेत."

"कायले? मी इथं बोलतो थे तं घरात कोनी आयकत नाई."

"तिथं आयकतेत."

एवढ्यावर जानराव विरघळला. चष्मा पुसून लॅपटॉपसमोर बसला. पानावर दोन रकाने होते, डावीकडे नाती आणि उजवीकडे ढोरं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, एका पानात मावावं म्हणून शेजारी शेजारी ठेवलेले. नात्यांच्या प्रत्येक चौकटीत मात्र आधीच कोणीतरी फिकट अक्षरांत बसलेलं होतं.

"हा गोविंदा कोन?"

"कोनीच नाई, मामाजी. नमुना हाये थो. जागा रिकामी दिसू नये म्हनून टाकते. आपन लिवलं का जाते."

"कोनीच नाई तं माह्या इवायाच्या जागेवर काहून बसला?"

"तुमी नुसतं नातं सांगा ना. नाव नाई देलं तरी चालते."

"अन नाव नाई देलं तं हा राह्यते का तिथंच?"

"राह्यते."

"मंग लिव. जगदेव, मेडशी."

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे जानरावानं आयुष्यभर पाहिले होते आणि त्यातल्या बऱ्याच जणांना उठवलंही होतं. या गोविंदालाही त्यानं एकेका चौकटीतून उठवला. इवायाच्या, म्हणजे व्याह्याच्या, जागी जगदेव. साळ्याच्या जागी पुंजाजी, रिसोड. बायकोच्या जागी भागिरथा. शेवटची चौकट होती 'घरचा बुढा'. तिथं त्यानं स्वतःचं नाव ठणकावून सांगितलं. भागिरथानं चुलीपासून उठून येऊन आपलं नाव पाहून घेतलं आणि लगेच कुंपणावरून शेजारणीला सांगितलं, की ती कंपुटरात आली.

मग ढोरांचा रकाना. हे जानरावाचं खरं राज्य. बाजारात बैल नुसता उभा दिसला, तरी तो त्याची खोड एका शब्दात सांगत असे. सांगत गेला, सपना लिहीत गेली. पान निकिताकडे गेलं, निकितानं ते कट्ट्यावर चढवलं आणि खाली सगळ्यांसाठी हात जोडलेलं चित्र टाकलं.

लॅपटॉपवर दोन रकान्यांत चांगली वीतभर जागा होती. पण लॅपटॉप बघतो कोण? सगळा तालुका मोबाइलवर. मोबाइलच्या चिंचोळ्या पाटीवर दोन रकाने अंगाला अंग लावून बसले, मथळे वर कुठंतरी राहून गेले. त्यात कट्ट्याच्या बाकी सगळ्या पानांवर डावीकडे शब्द आणि उजवीकडे त्याचा अर्थ असायचा. लोकांनी सवयीनं तसंच वाचलं:

इवाई, जगदेव, मेडशी: मारका. जवळ गेलं का शिंग लावते.

साळा, पुंजाजी, रिसोड: ओढाळ. आपलं सोडून दुसऱ्याच्या वावरात तोंड घालते.

बायको, भागिरथा: लाथाडी. दुधापेक्षा लाथा जास्त.

पुढंही होतं, पण जानरावाला तिथपर्यंत वाचवेना. सकाळी भागिरथानं ताट असं ठेवलं, की वरण उडून त्याच्या चष्म्यावर आलं, तेव्हाच त्यानं विनोदचा मोबाइल मागून घेतला होता.

"अवो, जरा दूर सरकून बसा," भागिरथा म्हणाली. "माहा पाय कवा उठन, सांगता येत नाई."

"मी गायीचं सांगतलं होतं."

"कोन्या गायीचं? गाय इकून तुमाले जमाना झाला."

सपना नुसती डोळे पुसत होती. ते जानरावाला जास्त लागलं. आणि दुपारी जगदेवचा निरोप आला, की मळणीचं थ्रेशर येणार नाही.

इथं मात्र जानराव उठून बाहेर आला. कापलेल्या सोयाबीनची सुडी, म्हणजे गंजी, वावरात उघडी पडली होती आणि आभाळ लोहारा-पातूरकडून काळं होत येत होतं. आसपासची सगळी थ्रेशरं बोलून ठेवलेली. जगदेवचंच उद्या यायचं होतं. सुडी एकदा भिजली, की शेंगेतच कोंब.

"बाबा, माफी मांगा लागन," विनोद म्हणाला.

"माफी? मले शिवी द्याची असती तं तोंडावर जाऊन देली असती. आजवर कोनाच्या मांगं बोललो काय?"

"थेच तं. लोक म्हनून राह्यले, बुढ्याची तोंडावर बोलाची हिंमत गेली, आता मोबाइलवर लिवते."

जानराव ओशाळला. फटकळ म्हणा, तिरसट म्हणा, चालत होतं; भेकड कोणी म्हटलं नव्हतं. त्यानं दुपट्टा डोक्यावरून तोंडापर्यंत ओढला आणि पानटपरी लागू नये म्हणून मागच्या धुऱ्यानं, शेताच्या बांधावरून जाऊन मेडशीची एसटी धरली. तरी कंडक्टर तिकीट देताना म्हणालाच, "काका, बाकावर नीट बसा, ढोरावानी उभं नका राहू."

जगदेवच्या अंगणात थ्रेशर उभं होतं. त्याच्या भोवती मळणीची माणसं चहा पीत बसलेली. जगदेवनं उठून सतरंजी टाकली, ती थेट अंगणाच्या दुसऱ्या टोकाला.

"या, पाहुने. तिथंच बसा. जवळ आले तं मी शिंग लावतो."

माणसं कपात हसली. जानराव उभाच राहिला. घरून निघताना त्यानं चार वाक्यं जुळवून आणली होती, त्यातलं एकही ऐनवेळी सापडेना.

"इवाई, थे तुमचं नव्हतं," तो कसाबसा म्हणाला. "थे बैलाचं होतं. तिकडच्या बाजूचं. मोबाइलनं तुमाले त्याच्या जवळ बसवलं. पन नाव म्या सांगतलं होतं. चुकलं माहं."

शेवटचे दोन शब्द त्याच्या तोंडातून पहिल्यांदाच बाहेर पडत होते, त्यामुळे ते बारीक आले. जगदेवनं कानाला हात लावून पुन्हा सांगायला लावले. जानरावानं पुन्हा सांगितले. मानेपर्यंत घाम आला होता.

"बसा आता जवळ," जगदेव म्हणाला. "खरं सांगू काय? मारका म्हनल्याचं मले वाईट नाई वाटलं. घरची सांगते, बरोबर हाये. पन तुमी मानूस पाठवान, सोता येनार नाई, असं वाटलं होतं. अन शेवटची ओय वाचली तवाच माहा राग गेला होता. थ्रेशर उद्या सकाळीच येनार होतं. म्हटलं, पाहू, बुढा येते का."

"कोनती शेवटची ओय?"

जगदेवनं मोबाइल एका मजुराकडे दिला. त्यानं घसा साफ करून वाचलं:

"घरचा बुढा, जानराव: म्हातारा बैल. काम होत नाई, दावन सोडत नाई, दिवसभर रवंथ."

यावर अंगण जे हसलं, ते जानराव एसटीत बसेपर्यंत हसतच होतं.

थ्रेशर आलं. सुडी भिजायच्या आत सोयाबीन पोत्यात गेलं. सपनानं दोन रकाने तोडून ढोरांचं वेगळं पान केलं आणि बापाशी फोनवर पोटभर बोलली. पुंजाजी दिवाळीला येऊन विनोदच्या दोन्ही पोरांच्या वाटणीच्या करंज्या खाऊन गेला (ओढाळ). भागिरथानं माफ केलं, पण ताट अजून दुरूनच सरकवते. एकच गोष्ट जानरावानं हट्टानं करायला लावली. नात्यांच्या पानावरून स्वतःचं नाव काढायला लावलं.

सपनानं काढलं. जागा रिकामी झाली. आणि बघता बघता त्या चौकटीत फिकट अक्षरं परत उगवली. घरचा बुढा: गोविंदा.

तेव्हापासून पारावरची पोरंसोरं जानरावाला गोविंदाकाका म्हणतात, आणि परवा तर भागिरथासुद्धा चुलीपासून म्हणाली, "अवो गोविंदा, जेवाले या."

जगदेव बोलला, पुंजाजी बोलला, निकितानंही अमरावतीहून फोन करून चूक झाली म्हणून सांगितलं. ज्याच्यापायी हे सगळं झालं, ज्याला उठवता उठवता जानराव उठला, आणि जो अजून त्याच्याच जागेवर बसून आहे, त्यानं मात्र अजून माफी मागितलेली नाही. गोविंदानं.