फाटकापर्यंत

"बाबा, तुम्हाला काही म्हणजे काही करायचं नाहीये. नुसतं पडून राहायचं," निरुपमाने तिसऱ्यांदा बजावलं.

"म्हणजे नाटक करू?"

"नाटक कसलं? रोज पडूनच असता ना? तसंच आजही पडा!"

रघुनाथराव कारखानिसांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ब्याऐंशीव्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशनला महिना झाला, तरी पलंगावरून उठायला त्यांना वॉकर आणि लेक दोन्ही लागत. लेकीची शाळेतली रजा रविवारी संपत होती. तिच्या विम्यात घरी सहा आठवडे मदतनीस मिळायची सोय होती; फक्त कंपनीच्या माणसाने येऊन, बाबांना बघून, 'गरज आहे' असं लिहायला हवं. नाहीच लिहिलं, तर बाबांची रवानगी छाणीजवळच्या वृद्धांच्या केंद्रात. निरुपमा तिथली खोली बघून आली होती आणि परतताना रिक्षात रडली होती.

अडचण एवढीच, की कारखानिसांकडे पाहुण्याचं स्वागत पडून करत नसत. पणजोबा बडोदे संस्थानच्या खानगी खात्यात, राजवाड्यातल्या पाहुण्यांच्या सरबराईला होते. संस्थान गेलं, खातं गेलं, गुजरात राज्य झालं. पण पाहुणा आला की उभं राहायचं आणि जाताना त्याला फाटकापर्यंत सोडायचं, हा रिवाज आजवा रोडवरच्या टेनामेंटमध्ये, म्हणजे छोट्या बैठ्या घरातही, सुखाने नांदत होता. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यालासुद्धा बाबा फाटकापर्यंत पोचवत.

अकरा वाजता फोन आला. विम्याचे परमारसाहेब सोसायटी चुकले होते. निरुपमा त्यांना आणायला नाक्यावर गेली आणि वीस मिनिटांनी परतली, तर बाबा दारात उभे! बंद गळ्याचा काळा कोट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, डोक्यावर टोपी, एक हात दाराच्या कडीवर. वॉकर पडद्यामागे लपवला होता. हे सगळं त्यांनी एकट्याने कसं जमवलं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"या, या साहेब. घर सापडायला त्रास झाला ना?"

"अरे वाह काका, तमे तो एकदम फिट!" परमार खूश झाले. जन्म बडोद्यातला, त्यामुळे मराठी त्यांना शेजारधर्माने येत होतं. "मला तर सांगितलं, पेशंट छे."

"बाबा, अहो..."

"निरू, साहेबांना चहा."

परमारांनी फॉर्म काढला. "सकाळी पलंगावरनं कोण उठवतं, काका?"

"कोण उठवणार? उठतो मी."

"कपडे?"

बाबांनी नुसती आपल्या कोटाकडे नजर टाकली. परमारांनी फॉर्मवर खूण केली.

"न्हावानुं? म्हणजे आंघोळ?"

"रोज करतो," बाबा म्हणाले. रोज आंघोळ होत होती हे खरंच होतं. ती कोण घालतं, हे साहेबांनी विचारलं नव्हतं.

"साहेब, हे सगळं मी करते हो!" निरुपमा चहा तसाच ठेवून कळवळली.

"बेन, डोळ्यानी बघतो ते लिहितो," म्हणत परमारांनी चहा संपवला आणि ते उठले. त्यांच्यापाठोपाठ कोचाचा हात दाबत बाबाही उठले.

"काका, बेसो ने!"

"छे, छे. आमच्यात अशी पद्धत नाही."

भिंत, खांब, तुळशीचा कट्टा असे आधार घेत ते खरोखरच फाटकापर्यंत गेले. निरुपमा दोन्ही हात पुढे धरून मागे. फाटक धरून बाबा थांबले, तिथवर सगळं ठीक होतं. पण निरोपाचा नमस्कार एका हाताने करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी फाटक सोडलं, दोन्ही हात जोडले, आणि ते सरळ परमारांच्या अंगावर आले.

परमारांनी त्यांना वरच्या वर झेललं. फॉर्म तुळशीत जाऊन पडला. मग वरात निघाली: काखेत धरून परमार, पाय सांभाळत निरुपमा आणि मध्ये तोंडाने सूचना देणारे बाबा. "सावकाश, उंबरा आहे. साहेब, चपला तेवढ्या बाहेर."

पलंगावर टेकवलं, तर कोट निघेना. दहा बटणं परमारांनी एकेक करून सोडवली. बाबांनी मग बाथरूमला जायची इच्छा दबक्या आवाजात त्यांच्याच कानात सांगितली. तिथं नेणं, आणणं, पायजमा बदलणं, उशी नीट लावणं यात तास गेला. परमारांचा शर्ट घामाने ओला झाला होता.

"पाहुण्याला फार तसदी झाली," बाबा खजील होऊन पुटपुटले. त्यांचा एवढासा झालेला चेहरा बघून निरुपमाला भडभडून आलं. एवढ्यात परमारांनी बॅग उचलली आणि बाबांनी कोपरावर जोर दिला.

"काका, बेसी जाओ!" परमार किंचाळले. "मी कुठे जात नाय! पाणी प्यायला जातो!"

स्वयंपाकघरात त्यांनी निरुपमाने तुळशीतून आणलेला फॉर्म ओट्यावरच सरळ केला आणि आधीच्या खुणा खोडल्या. उठायला माणूस पाहिजे. कपड्याला माणूस पाहिजे. बाथरूमला माणूस पाहिजे. खाली शेरा लिहिला, 'मदतनीस मजबूत असावा.' मग हळूच विचारलं, "बेन, पाछळ दरवाजो छे?"

निरुपमाने मागच्या दाराने, धुणं धुवायच्या चौकडीतून त्यांना बाहेर काढलं. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी फाटकाबाहेर लावलेली स्कूटर चालू न करता वळणापर्यंत ढकलत नेली.

"निरू!" आतून हाक आली. "साहेब निघाले की काय? अगं, मग बघतेस काय? मला उठव ना!"

निरुपमाने डोळे पुसले आणि मागच्या दाराला कडी घातली.

"सोमवारपासून उठवायला माणूस येतोय, बाबा," ती म्हणाली. "तोवर पडून राहा."