सासरेबुवांचा एक फटका

"या वळणानंतर एक मैदान आहे, कुणालाच माहीत नाही," असं म्हणत चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या जावयाने गाडी पुन्हा एका अनोळखी रस्त्याला घातली. मागच्या सीटवरून सासरेबुवा नुसतं "हं" म्हणाले. सासरेबुवा निवृत्त न्यायाधीश. त्यांच्या "हं"चा अर्थ, पुरावा कुठाय?

डोंगरदऱ्या बघत गोल्फची अपरिचित मैदानं शोधायची, ही सहल जावयाचीच कल्पना. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सासऱ्यांच्या लेखी तो 'काचा विकणारा'च होता. त्यांच्या तोंडून एकदा तरी "शाब्बास" ऐकायचं, एवढ्यासाठी बिचारा जिवाचं रान करत होता. पण पहिल्या मैदानावर शेळ्या निघाल्या आणि दुसऱ्यावर ट्रकचा तळ.

वळण संपलं आणि दोघांचे डोळे विस्फारले. समोर हिरवागार उतार, त्यावर लाल झेंडे आणि प्रत्येक झेंड्यापाशी गोल, सुबक भोक! वाटेत 'आत येऊ नये' अशी पाटी होती.

"चांगल्या क्लबांचं असंच असतं," सासरेबुवा खूश होऊन म्हणाले.

"आणि या तारा कसल्या हो, बाबा?"

"पाण्याच्या फवाऱ्यांच्या. तुम्ही झेंड्यापाशी उभे राहा."

लाल शाईची टिकली काढलेला आपला लाडका चेंडू मांडून सासरेबुवांनी फटका हाणला. चेंडू थेट आपल्याच रोखाने येतोय हे पाहून जावयाने डोळे गच्च मिटले. वाऱ्याने जॅकेटची टोपी मानेवर आपटली. डोळे उघडले तर चेंडू गायब.

सासरेबुवा धापा टाकत आले. गवतात चेंडू नव्हता. भोकात कोपरापर्यंत हात घातला तरी तळ लागेना.

"एका फटक्यात आत? जावईबापू, तुम्ही पाहिलंत?"

म्हाताऱ्याचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. जावयाला खरं सांगवेना. "पाहिलं तर! टप्पासुद्धा न घेता थेट आत!"

"शाब्बास!" म्हणत सासरेबुवांनी त्याला चक्क मिठी मारली.

तेवढ्यात कर्कश शिट्टी वाजली. पिवळं हेल्मेट घातलेला मुकादम हातवारे करत धावत आला.

"ओ, मरायचंय का? कुणी सोडलं तुम्हाला आत?"

"आम्ही खेळतोय," सासरेबुवा तोऱ्यात म्हणाले.

"कसलं खेळताय? सुरुंगाची भोकं आहेत ती! रस्त्यासाठी डोंगर उडवतोय आम्ही!"

"पण मग झेंडे?"

"माणसं लांब राहावीत म्हणून!"

जावई खडकाकडे धावत सुटला. गुडघ्यांपायी जिना न चढणारे सासरेबुवा मात्र त्याला मागे टाकून पळाले. दोघे खडकाआड पोचतात न पोचतात तोच मुकादमाने हात हलवला आणि धडाड्‌धूम! झेंडे, गवत, उतार, सगळं आभाळात गेलं.

धूळ बसल्यावर जावई शिव्या खायला तयार होऊन उभा राहिला. सासरेबुवांचे डोळे भरून आले होते. "माझा होल गेला हो! जन्मात पहिल्यांदा साधला होता. आता क्लबात कोण विश्वास ठेवणार? पुरावाच नष्ट झाला." मग त्यांची नजर जावयावर स्थिरावली. "साक्षीदार मात्र शाबूत आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासरेबुवांच्या दिवाणखान्यात अख्खा क्लब जमला. आजवर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसणारा जावई आज चक्क मऊ खुर्चीत होता.

"हे डोळ्यांचे जाणकार," सासरेबुवा अभिमानाने म्हणाले. "यांची नजर चुकायची नाही. सांगा, जावईबापू!"

जावई रंगात आला. चेंडूने हवेत घेतलेलं वळण तो हाताने काढून दाखवत होता, तेवढ्यात धुवायचं जॅकेट घेऊन त्याची बायको बाहेर आली.

"अरे, तुझ्या टोपीत हा चेंडू कसला?"

तिच्या तळहातावर चेंडू होता आणि चेंडूवर लाल टिकली. जावयाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

सासरेबुवा सावकाश उठले. त्यांनी चेंडू हातात घेतला, चष्मा वर करून उलटसुलट पाहिला आणि शांतपणे खिशात टाकला.

"या पुराव्याचा प्रकरणाशी संबंध नाही," ते म्हणाले. "साक्ष पुढे चालू द्या, जावईबापू."